बोहनीचा भाव

१

वही लाल होती, आणि आतून कोरी.

रविवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो. मी, गिरणीच्या बाजूचे उस्ताज शवकी आणि युनियनचे हाज मिद्हत. कपाटाला दोन कुलपं. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची शवकींकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार हलत नाही. कुलपं शाबूत, दार शाबूत. आत जिथे ठेवली तिथेच वही. फक्त तिच्यात एक अक्षर नाही.

"सित्त नाहेद," हाज मिद्हत म्हणाले, "चार हजार माणसांचं पोट त्या वहीत होतं."

"मला सांगू नका," मी म्हटलं. "ते चार हजार मीच मोजलेत."

आमच्या मित रबाब गावात एकच कापडगिरणी आहे, आणि तिचा युनियनशी एक करार आहे. दर तीन महिन्यांनी बाजारातल्या चाळीस जिनसांचे भाव घ्यायचे. बेरीज दहा टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त चढली तर पगार तेवढाच चढणार. दहाच्या आत राहिली तर एक दमडी नाही. भाव घेण्याचं काम आमच्या ऑफिसातल्या बहगतचं, तो वहीतून भाव वाचून दाखवतो, हिशोब माझा, सही शवकींची. या वेळी बुधवारी संध्याकाळी आकडा निघाला नऊ पॉइंट सहा. गुरुवारी तो गिरणीच्या फाटकावर लागला आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. अहो, कांदा, डाळ, अंडी, सगळं डोळ्यांदेखत वर गेलेलं, आणि म्हणे नऊ पॉइंट सहा! युनियनने हरकत घेतली. पण हरकतीला मूळ वही लागते. कारण जिन्नस कुठे घेतला, कितीला घेतला आणि किती वाजता घेतला, हे फक्त वहीत असतं. हरकतीची मुदत पुढच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत.

"गुरुवारी आपण हीच वही आत ठेवली ना?" शवकींनी विचारलं.

"बहगतने दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. नेहमी तशीच देतो. मी उघडून पाहिली नाही."

"का नाही?"

"एकवीस वर्षांत कधी पाहिली नाही म्हणून!"

मी कोरी वही उलटी केली. मागे टपरीवाल्याची पिवळी चिकटपट्टी होती. पंचेचाळीस गिनी. नखाने खरवडली तर खाली अडतीस, त्याच्या खाली तीस. आमच्या ऑफिसच्या वह्या गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यातल्या, बावीसच्या. म्हणजे ही आमची नव्हतीच. कुणीतरी परवा-तेरवा विकत घेऊन आणली होती.

२

पहिला संशय सगळ्यांचा शवकींवर. गिरणीचा माणूस, आणि त्यात नवा फ्रिज. महिन्याभरापूर्वी हातगाडीवरून त्यांच्या घरी आला तेव्हा निम्म्या गल्लीने पाहिला होता. फ्रिज कुठून आला, असं मी त्यांना तोंडावरच विचारलं. मला आडवळणाने बोलता येत नाही.

"हप्त्यावर," ते म्हणाले. "अठरा हप्ते. जुना चालतो, बघायला या हवं तर. पुढच्या महिन्यात हाच दीडपट होणार म्हणून घेतला. बायको म्हणते, दोन फ्रिज आणि आत ठेवायला काही नाही." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "सित्त नाहेद, माझाही पगार त्याच आकड्यावर वाढतो. मी स्वतःच्याच पोटावर कशाला पाय देऊ?"

हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"मग बहगतचे हात ओले झाले म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. ते लोक म्हणतायत." त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

दुपारचा एक वाजून गेला होता. बाहेर फाटकाशी बायकांचा घोळका होता आणि मधोमध बहगत. काटकुळा, साठीचा, हातात थर्मास. हा थर्मास मी महिनाभर पाहत होते, कधी विचारलं नव्हतं. "किती घेतलेस रे, मेल्या?" कुणीतरी ओरडलं. मागावरच्या एका पोरीने पिशवीतून कांदा काढला आणि नेम धरून मारला. पस्तीस गिनी किलोचा कांदा फेकून मारते म्हणजे राग केवढा असेल बघा. तो बहगतच्या कानाशी लागला. त्याने वाकून कांदा उचलला, बाहीला पुसला आणि त्या पोरीच्या पिशवीत परत ठेवला. मग थर्मास सावरत चालू लागला.

मला वाटलं, निर्दोष माणूस असा गप्प राहत नाही. आणि मग वाटलं, चोरही कांदा परत देत नाही.

३

वही नसली तरी माझा हिशोबाचा कागद होता. त्यात वेळ नाही, दुकान नाही, नुसते चाळीस भाव. संध्याकाळी तो घेऊन बसले आणि शेजारी माझ्या घरखर्चाची चिठ्ठी ठेवली. मी एकटीच, पण खाते तर गावाएवढंच महाग.

कांदा : बहगतचा तीस, माझा पस्तीस. डाळ : त्याची बावन्न, माझी साठ. चीज, अंडी, टोमॅटो, घेवडा, तांदूळ, सगळीकडे त्याचा भाव पाच-दहा गिनींनी खाली. पाणी कुठेतरी मुरत होतं खरं.

पुढे मटण पाहिलं. तिथे त्याचा भाव आणि माझा भाव एकच. चपला, कापड, औषधं, गॅसचं सिलिंडर, सगळं जिथल्या तिथे बरोबर.

मी चष्मा काढून ठेवला. आमच्या यादीत सगळ्यात वजनदार जिन्नस मटण. आकडा पाडायला पैसे खाल्ले असते तर माणूस मटणाला हात घालतो. मटण जरा खाली ढकललं की काम फत्ते. बावीस जिनसांत थोडं थोडं खोटं कोण लिहीत बसेल? आणि ते बावीसच का?

सोमवारी बाजारात गेले. कांदेवाली उम्म सबाह पोत्यावर बसलेली होती.

"गेल्या महिन्यात कांदा कितीला विकलास?"

"पस्तीस. सगळ्यांना पस्तीस. देवाशप्पथ."

"बहगतने तीस लिहिलाय."

"ज्या हाताने लिहिलं तो हात..." असं म्हणता म्हणता ती थांबली. शिवी तोंडातच राहिली. ओढणीचा पदर उगाच सारखा करत म्हणाली, "बहगत होय? त्याला मी तीसला दिला असेन."

"त्याला का? तुझा जावई लागतो?"

"काय बाई, तू विचारतेस! तो येतो तेव्हा माझं पोतंसुद्धा सोडलेलं नसतं." आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली, जणू एवढ्यात सगळं सांगून झालं.

मला काही समजलं नाही. उत्तर तिने हातात दिलं होतं आणि मी ते तसंच घेऊन घरी आले.

४

मंगळवारी माझी झोप पहाटेच उडाली. घरात खायला काही नव्हतं म्हणून सातलाच चीजवाल्या अम्म झकारियाकडे गेले. म्हातारा शटर वर करत होता. पाव किलो पांढरं चीज मागितलं. त्याने तोललं, वर बोटभर जास्त घातलं.

"किती?"

"पस्तीस दे."

"फळ्यावर पंचेचाळीस लिहिलंय."

"दे गं, पोरी. सकाळची पहिली तू. पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करून दिवस नासवून घेऊ?" त्याने नोट घेतली, ओठांना लावली, कपाळाला लावली आणि गल्ल्यात वेगळी ठेवली.

मी तिथेच उभी राहिले. हातात चीज, आणि डोक्यात लख्ख उजेड.

बोहनी! अहो, जन्मभर हे पाहिलंय. आमच्याकडे दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाला रिकामं जाऊ देत नाही. तोटा सोसेल, पण बोहनी मोडणार नाही. आणि करारात लिहिलंय की भाव दहा ते बाराच्या मध्ये घ्यावेत, नुसते विचारू नयेत, खरेदी करून घ्यावेत, कारण विचारलेला भाव आणि दिलेला भाव वेगळा असतो. ते 'दहा ते बारा' कशासाठी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. मागच्या वेळचे भाव बहगतने अकराला घेतलेले, या वेळचे सातला. भाजी, डाळ, चीज विकणारे पहाटे उघडतात, म्हणून ते बावीस जिन्नस खाली. खाटीक अकराला उघडतो, म्हणून मटण बरोबर. औषधाची किंमत छापील, तिथे कसली बोहनी?

पैसे खाल्ले नव्हते. त्याने जेवढे मोजले तेवढेच लिहिले होते. खऱ्या भावांनी गावाला बुडवलं होतं!

आता आठवलं. खरेदी केलेला माल ऑफिसच्या मोरीशेजारच्या टेबलावर येतो, शिपाई त्याचं जेवण करतात. महिनाभर ती पिशवी माझ्याआधी टेबलावर असायची आणि बहगत दुपारी उगवायचा. मला वाटायचं, बाजारात असेल.

मग तो होता कुठे?

पिशवीतून ती कोरी वही काढली, तिची पिवळी चिकटपट्टी पाहिली आणि गावातल्या टपऱ्या धुंडाळायला लागले. आमच्याकडे हल्ली वस्तूवरची किंमत म्हणजे तारीखच. कुठल्या दिवशी किती होती हे दुकानदाराला पोरांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक. चौथी टपरी दवाखान्यासमोरची. टपरीवाल्याने पट्टी पाहताच ओळखली.

"पंचेचाळीस मी बुधवारी दुपारी लावले. कागद चढला ना. त्यानंतर लाल वही एकच खपली. गुरुवारी सकाळी. बारीक अंगाचा माणूस, हातात थर्मास. समोरच्या दवाखान्यात येतो, रविवार-मंगळवार-गुरुवार. का हो? वहीत काही खोट निघाली का?"

"नाही," मी म्हटलं. "वही चांगली आहे."

५

संध्याकाळी बहगतच्या घरी जिना चढताना मी दोनदा थांबले. दार त्यानेच उघडलं. माझ्या हातातली कोरी वही पाहिली आणि बाजूला झाला.

त्याची बायको करीमान पलंगावर होती. मी तिला त्यांच्या लग्नापासून ओळखते. हसली की सगळा जिना हसायचा. आता हातावर पांढरी पट्टी, चेहरा मातीच्या रंगाचा.

"बस, नाहेद. चहा मी नाही करत, तो करतो. फार वाईट करतो."

भिंतीवर दवाखान्याचा कागद होता. डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. 'दुपारी तीन' खोडून 'सकाळी साडेआठ' केलेलं.

"महिन्यापूर्वी एक यंत्र बंद पडलं," बहगत म्हणाला. "सकाळची पाळी घ्या नाहीतर नाव कापतो म्हणाले. तिला एकटीला सोडता येत नाही, मध्येच रक्तदाब पडतो. म्हणून भाजी-डाळीचा बाजार त्या तीन दिवशी सातला उरकला, मटण-कापड बाकीच्या दिवशी दहानंतर घेतलं. साहेबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"बहगत, बोहनी! एकदाही डोक्यात आलं नाही?"

"मला वाटलं ते माझा मान ठेवतायत," तो म्हणाला. "आकडा निघाला तेव्हा कळलं."

"तर मग वहीत वेळ बदलायची होती. सातचे अकरा करायला कितीसा वेळ लागतो?"

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच लाज वाटली. "खोटा भाव कधी लिहिला नाही. खोटी वेळ का लिहू?"

असा माणूस! वही लपवेल, पण वहीत खोटं लिहिणार नाही. कामाची वेळ मोडली की नोकरी जाते हे त्याला ठाऊक होतं. नोकरी गेली की गिरणीचं दवाखान्याचं कार्ड जातं. कार्डाशिवाय एका वेळचे अकराशे गिनी. सरकारी दवाखान्यात रांग आठ महिन्यांची, आणि करीमानकडे आठ दिवस नव्हते.

"वही कुठे आहे?"

"जाळली," तो म्हणाला.

करीमान खिडकीकडे पाहत होती. चहा खरोखरच वाईट होता.

६

बुधवारी मी कुणाला काही बोलले नाही. हाज मिद्हत दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा मी कानावर हात ठेवले. बोलून फायदाही नव्हता. वहीशिवाय आकडा बदलत नाही, नुसती बहगतची भाकरी जाईल. असं मी स्वतःला सांगत होते. पण फाटकावर माणसं त्याच्या नावाने थुंकत होती, आणि ते मी बंद करू शकत होते, हेही खरं. माझ्यासारखी तोंडाळ बाई त्या दिवशी मुकी झाली.

गुरुवारी साडेअकराला आम्ही तिघं टेबलाशी बसलो. बाहेर फाटकावर माणसं दाटलेली. शवकींनी घड्याळ काढून समोर ठेवलं.

वीस मिनिटं उरली होती. दाराशी रिक्षा थांबली. करीमान उतरली, भिंत धरत धरत आत आली. गुरुवार होता. या वेळी ती यंत्रावर असायला हवी होती. मागोमाग बहगत धावत, हातात तो थर्मास.

"आज यंत्र उशिरा मिळणार होतं. तिने मला दवाखान्यासमोरच्या टपरीवर पाणी आणायला पाठवलं," तो धापा टाकत म्हणाला. "परत येतो तर पलंग रिकामा..."

करीमानने खांद्यावरची कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. दोन भाकऱ्या आणि लाल वही.

"हा मेला म्हणाला जाळली," ती म्हणाली. "गादीखाली रोज काहीतरी टोचतंय म्हणून मी चाचपलं तर ही. मोजा."

"बाई, तुम्हाला माहीत आहे यात काय आहे?" शवकींनी विचारलं.

"चार हजार घरं आहेत. त्यांच्या ताटातलं काढून मी किती दिवस जगू, उस्ताज? आणि ते लोक याला चोर म्हणतात. तीस वर्षं संसार केलाय मी याच्याशी. मोजा म्हटलं ना!"

मी मोजलं. वेळेबाहेरचे बावीस भाव करारानुसार बाद, त्यांच्या जागी गिरणीच्या खाणावळीचे त्याच दिवसांचे खरेदीभाव. दोनदा ताळा घेतला, बेरीज चुकली नाही. बाराला चार मिनिटं असताना आकडा निघाला. तेरा पॉइंट आठ.

शवकींनी सही केली. मग बहगतला म्हणाले, "एक ओळ लिहून दे. घड्याळ मागे पडलं होतं म्हण. मी मानतो."

"घड्याळ बरोबर होतं, साहेब."

शवकींनी डोळे मिटले. बाहेर जाऊन हाज मिद्हत आकडा ओरडले आणि फाटकावर एकच जल्लोष झाला. बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. त्या गोंगाटात शवकींनी दुसरा कागद पुढे ओढला आणि बहगतला कामावरून काढल्याचं पत्र लिहायला घेतलं. एक शब्द लिहायचे आणि थांबायचे.

७

लोक वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. सगळं कळल्यावर कांदा मारणारी ती पोर बहगतच्या दारात जाऊन रडली. हाज मिद्हतांनी ठरवलं, वाढलेल्या पगारातून माणशी पाच गिनी करीमानसाठी. पहिल्या महिन्यात वीस हजार जमले. तिच्या तेरा वेळा झाल्या आणि वर उरले ते औषधांत गेले.

दुसऱ्या महिन्यात दवाखान्याने एका वेळचे तेराशे केले. तेल चढलं, साखर चढली, शाळेची फी चढली. जमले बारा हजार. तीनदाचं दोनदा झालं. तिसऱ्या महिन्यात सात हजार, आणि दोनदाचं एकदा. मीही त्या महिन्यात पाचाच्या जागी तीन दिले. का ते आता सांगत नाही, कारण होतं. सगळ्यांकडेच कारण होतं.

रमजानला आठवडा उरला असताना करीमान गेली.

दफन करून माणसं परतली तेव्हा बहगत जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. भाव घ्यायचं काम आता माझ्याकडेच आलंय, हे त्याला माहीत होतं.

"कफनाचं कापड आपल्या यादीत नाही, नाही का?" त्याने विचारलं.

"नाही."

"घाल. गेल्या वर्षी माझ्या भावाच्या वेळी सहाशेला घेतलं होतं. आज फळ्यावर बाराशे."

सवय काही सुटत नाही. मी पिशवीतून वही काढली, पेन काढलं. बाराशे लिहायला टेकवलं आणि त्याने माझा हात धरला.

"बाराशे नको लिहूस. मी साडेअकराशे दिले."

"का?"

"सातला गेलो होतो," बहगत म्हणाला. "दुकान नुकतंच उघडत होतं. बोहनी माझीच होती. त्याने पन्नास सोडले, नोट कपाळाला लावली आणि म्हणाला, तुझा पायगुण चांगला असू दे."

मी वही मिटली. वेळेबाहेरचा भाव होता, लिहिता येत नव्हता.